मॅडमच्या अकरा पेट्या

फौजेतल्या माणसाशी लग्न केलं की दोन गोष्टी न मागता मिळतात. एक, दर दोन-तीन वर्षांनी नवं गाव. आणि दुसरी, पत्र्याच्या काळ्या पेट्या. आमच्याकडे त्या एकवीस होत्या. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नंबर आणि झाकणाच्या आतून चिकटवलेली यादी. सगळ्यांत महत्त्वाची एक नंबरची, म्हणजे पहिल्या दिवसाची पेटी. स्टोव्ह, पातेलं, चहा, साखर, दुधाची पावडर, कप, गाळणी, मेणबत्त्या, दोन चादरी आणि एक हातोडी. नव्या घरात शिरलं की नवरा ती पेटी उघडायचा आणि पहिला चहा स्वतः करायचा, कुणाला करू द्यायचा नाही. मी तोवर उरलेल्या वीस पेट्या उतरवणाऱ्यांवर ओरडत फिरायची. अठरा वर्षांत त्या पेटीत ठेवायचं कधी काही राहून गेलं नाही. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

नवरा आणि मी पुण्यात इंजिनीअरिंगला एकाच वर्गात होतो. त्यामुळे त्याला 'अहो' म्हणणं मला जन्मात जमलं नाही. सासूबाईंसमोर मी त्याला हाकच मारत नसे, नुसती खोकत असे. वर्गातले बाकीचे नव्वदीनंतर भराभर अमेरिकेला गेले. दिवाळीला त्यांच्या बर्फातल्या मोटारींचे फोटो यायचे. मी भटिंड्याला शाळेत कॉम्प्युटर शिकवला, जोधपूरला एका कॉलेजात तात्पुरती लागले, आणखी कुठे कुणाची रजा भरून काढली. प्रत्येक ठिकाणी काहीतरी उभं केलं, आणि ते उभं राहिलं की पडलं हे बघायच्या आत ट्रक दारात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं लोक हसत म्हणतात. विंचवाला विचारा. एका जागी बसले की माझे पाय आपोआप हलायला लागतात, ते तेव्हापासून.

चंडीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत बदली झाली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. दोन हजारचं दशक अर्ध्यावर आलं होतं आणि चंडीगडात सॉफ्टवेअरच्या छोट्या छोट्या कंपन्या उगवत होत्या. सेक्टर चौतीसमध्ये, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर, अशाच एका कंपनीत मला खरीखुरी नोकरी लागली. मालक सरदारजी, माझ्याच वयाचे. त्यांना सगळे पाजी म्हणत. ते मला मॅडम जी म्हणत आणि दुपारी स्वतःच्या डब्यातला अर्धा पराठा न विचारता माझ्या डब्यात टाकत.

काम एका पॅथॉलॉजी लॅबचं होतं. मुख्य लॅब चंडीगडात. रक्त घ्यायची केंद्रं पंचकुला, मोहाली आणि झिरकपूरला. त्यांचा जुना प्रोग्रॅम म्हणजे एकच मोठा गोळा होता. रिपोर्टचा एक रकाना बदलायचा तरी सगळं बंद करावं लागे, आणि चारही ठिकाणी दंडाला कापूस दाबून माणसं ताटकळत बसत. तेव्हा नवी पद्धत आली होती. गोळा फोडायचा, त्याचे स्वतंत्र तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याने आपलं एक काम करायचं आणि बाकी काही हवं असेल तर दुसऱ्या तुकड्याला निरोप पाठवून विचारायचं. या तुकड्यांना सर्व्हिस म्हणत. एक बंद पडली तरी बाकीच्या चालू राहतात, हा फायदा. सर्व्हिस केवढी असावी हे मात्र कुठल्याच पुस्तकात धड लिहिलेलं नव्हतं. एक म्हणायचं लहान करा, दुसरं म्हणायचं फार लहान नको. म्हणजे आईने स्वयंपाक शिकवताना सांगावं, मीठ बेताने घाल.

पाजींनी खडू माझ्या हातात दिला. "पाँच करो, छह करो, जो आपको ठीक लगे. फ़ैसला आपका."

एवढं मोठं काहीतरी ठरवायला मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी फळ्यासमोर दोन दिवस येरझाऱ्या घातल्या आणि अकरा चौकोन काढले. रुग्णाची माहिती एक. नमुन्याची नळी दुसरी. तपासण्यांची यादी, यंत्रावरून येणारे आकडे, नॉर्मल मर्यादा, रिपोर्ट, बिल, वेळ ठरवणं, रिपोर्ट पोचवणं, डॉक्टरांची यादी, केंद्रांची यादी. प्रत्येक चौकोनाला नंबर, आणि आत काय काय आहे त्याचा एक कागद. टीममधल्या पोरींनी त्याला लगेच नाव ठेवलं, 'मॅडम की पेटियाँ'. मला ते आवडलं. आवडायला नको होतं.

अकराच का, हे मला कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. आज सांगते. प्रत्येक चौकोन काढताना माझ्या मनात एकच प्रश्न होता: हे करणारा उद्या गेला, तर दुसऱ्याला हे एका दिवसात हाती घेता येईल का? फौजेत जाणारा माणूस सगळं यादीने सोपवतो आणि येणारा यादीवर सही करून घेतो. माझं सगळं आयुष्य त्या दोन सह्यांच्या मधल्या फटीत गेलेलं. त्यामुळे कुणीही उचलून चालू लागावं एवढी लहान वस्तू मला सुरक्षित वाटायची. पण त्या ऑफिसात उठून चाललं होतं कोण? पाजी त्याच शहरात जन्मले होते. टीममधली निम्मी मुलं अजून आईच्या हातचं जेवून येत होती. जाणारी मी एकटी होते, आणि मापं मी माझी लावली होती.

सुरुवातीचे महिने झकास गेले. मग लॅबच्या डॉक्टरांनी एक साधा बदल मागितला: गर्भवती बाईच्या रिपोर्टवर तशी नोंद यावी. जुन्या गोळ्यात अर्ध्या दिवसाचं काम. आमच्याकडे सात पेट्या उघडाव्या लागल्या. एक जण दुसरीची वाट बघतोय, दुसरी तिसऱ्याची. हात लांब केला तर शेजारच्याच्या खांद्याला लागेल एवढ्या खोलीत बसून आम्ही एकमेकांना निरोप पाठवत होतो. तीन आठवडे गेले. मी मुलांवर चिडले. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय?

पाजी एकदा पराठा मोडता मोडता म्हणाले, "मैडम जी, दूध लेने के लिए दूसरे सेक्टर जाना पड़े, तो सेक्टर किस काम का?"

चंडीगडात प्रत्येक सेक्टरला स्वतःचा बाजार, स्वतःची शाळा असते, आणि तिथल्या माणसाला कुठलीही गोष्ट समजवायची तर सेक्टर लागतोच. आल्यापासून मी इतके सेक्टर ऐकले होते की मला त्याचा वैताग आला होता. मी म्हटलं, "पाजी, ये सॉफ़्टवेअर है, मार्केट नहीं." ते हसले आणि उरलेला पराठा माझ्या डब्यात टाकला. त्यांचं ऐकलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण मला तेव्हा ऐकायचं नव्हतं.

हिवाळा सरता सरता एका दुपारी पाजींनी माझ्यासमोर एक रिपोर्ट ठेवला. तीन वर्षांच्या मुलीचा होता. वर लिहिलं होतं: वय तीन वर्षं. खाली एका आकड्यासमोर ठळक चांदणी होती, म्हणजे मर्यादेच्या फार वर. आणि शेजारी छापलेली मर्यादा मोठ्या माणसाची होती. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये तो आकडा मुळातच जास्त असतो. मुलगी ठणठणीत होती. एकाच कागदाच्या वरच्या ओळीला ती तीन वर्षांची आहे हे माहीत होतं, खालच्या ओळीला नव्हतं.

कसं झालं ते शोधायला मला तासभर लागला. झिरकपूरच्या काउंटरवर जन्मसाल चुकीचं टाकलं गेलं आणि पाच मिनिटांत दुरुस्तही झालं. पहिल्या पेटीने ती दुरुस्ती बाकीच्यांना कळवली. पण पाचवी पेटी, मर्यादांची, नेमकी त्याच वेळी बंद करून पुन्हा चालू केली जात होती. दर वेळी वय विचारत बसायला उशीर होतो म्हणून तिने वयाची स्वतःची प्रत ठेवलेली. ती प्रत जुनीच राहिली. ती ठेवायची परवानगी मीच दिली होती. प्रत्येक पेटी आपल्या यादीप्रमाणे अगदी बरोबर वागली होती. कुठेही बोट दाखवायला जागा नव्हती, माझ्याखेरीज.

दुसऱ्या दिवशी मी झिरकपूरला गेले. एरवीसारखाच वाहनांचा खोळंबा होता. मी गाडी लांब सोडून चालत गेले, कारण बसवेना. मुलीचे वडील केंद्रावर आले होते, नवा रिपोर्ट न्यायला. रंगकाम करणारा माणूस, नखांत पांढरा चुना. पहिला रिपोर्ट घेऊन ते मुलीला कडेवर धरून चंडीगडला सेक्टर बत्तीसच्या सरकारी इस्पितळात पोचले होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी वय बघितलं, आकडा बघितला आणि सांगितलं, काही नाही, घरी जा. पण तिथे नंबर लागेपर्यंत दोन दिवस गेले होते.

"दो दिन रोटी नहीं उतरी जी," ते म्हणाले. रागाने नाही. मला ते हवामान सांगितल्यासारखं सांगत होते. त्यांना वाटलं मी केंद्रावरचीच कुणी बाई असेन. चूक माझी होती, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की कानशिलं तापतात.

त्यानंतर मी आठवडाभर त्याच केंद्रावर, काउंटरच्या मागे स्टूल टाकून बसले. नळी भरते, तिच्यावर चिठ्ठी लागते, डबा स्कूटरवरून लॅबला जातो, कागद परत येतो. आता मनात दुसरा प्रश्न होता: एक गोष्ट बदलली की तिच्यासोबत लगेच आणखी काय बदलायलाच हवं? वय बदललं की मर्यादा बदलते, मर्यादा बदलली की चांदणी बदलते, रिपोर्ट बदलतो. रुग्ण, नळी, आकडे, मर्यादा, रिपोर्ट हे पाच वेगळे नव्हतेच. नळीपासून कागदापर्यंत ते एकच काम होतं आणि मी त्याचे पाच तुकडे करून पाच जणांच्या हातात दिले होते. तपासण्यांची यादीही त्यातच हवी. मग मोह झाला की सगळंच एकत्र करावं, झालं गेलं विसरून जुना गोळा परत आणावा. पण रिपोर्ट पोचवायची इंटरनेटची लाइन दिवसातून दोनदा बंद पडायची; ती पडली म्हणून लॅबने का थांबावं? ती बाहेर. वेळ ठरवणं चुकलं तर फार तर एखादा माणूस तासभर थांबेल, त्याचा कागद खोटा होणार नाही. तेही बाहेर, बिल आणि केंद्रांची यादी त्याच्यासोबत. डॉक्टरांची यादी पोचवण्याच्या पदरात. अकराच्या तीन झाल्या. त्यातली एक चांगली धष्टपुष्ट.

पाजींना फळ्यावर दाखवलं. "अब दूध अपने सेक्टर में मिलेगा," ते म्हणाले. मी मान हलवली.

चालत्या लॅबच्या खालून अकराच्या तीन करायच्या म्हणजे सात-आठ महिन्यांचं काम होतं. ते जेमतेम सुरू झालं आणि बदलीचा हुकूम आला. आसाम, दोन महिन्यांत.

मी पाजींना विचारलं, मी गेल्यावर हे पूर्ण कराल ना? ते खोटं बोलू शकले असते. "सच बोलूँ? चल तो रहा है. आप जाओगे तो ग्यारह ही रहेंगी."

म्हणजे पाचवी पेटी तशीच राहणार. पुन्हा कधीतरी कुणी वय दुरुस्त करणार, पुन्हा ती नेमकी त्याच वेळी बंद असणार, आणि कुणीतरी मूल कडेवर घेऊन रांगेत उभं राहणार. मला कळणारही नाही. मी तेव्हा आसामात पडदे शिवत असणार.

आमची मुलगी दहावीत होती. तेवढ्या कारणावर क्वार्टर वर्षभर ठेवायची परवानगी मिळते. मी सगळ्यांना तेच सांगितलं, मुलीचं बोर्ड आहे हो. आजूबाजूच्या बायकांनी मान डोलावली. लेक एका जेवणात ताटावरून वर न बघता म्हणाली, "मम्मा, मेरे बोर्ड्स का नाम मत लो. तुम्हें अपने लिए रुकना है. रुक जाओ ना." ती मराठी सगळी समजते, बोलते मात्र असंच. मी तिच्यावर खेकसले, कारण ती खरं बोलत होती.

नवऱ्याला मात्र मी खरं सांगितलं. त्याने एकच विचारलं, "दुसरं कुणी नाही करणार?"

"नाही. चालतंय म्हणतील."

"मग राहा," तो म्हणाला आणि पेपर उघडला. एवढं सोपं? मला त्याचाही राग आला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

जुलैत त्याचं सामान निघालं. एकवीस पेट्यांची वाटणी आम्ही पहिल्यांदाच करत होतो. त्याच्या सात, आमच्या चौदा. एक नंबरची अर्थातच त्याची. स्टोव्ह, पातेलं, चहा, साखर, पावडर, एक कप. मी यादी वाचत गेले, खुणा करत गेले. तो गेला त्या सकाळी घर मला एकदम मोठं वाटलं, आणि मी ऑफिसला तासभर आधीच पोचले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. खोली चांगली आहे, पाऊस आहे, मेस जवळ आहे. मग म्हणाला, "अगं, पेटीत गाळणी नाहीये."

मी फोन कानाला धरून स्वयंपाकघरात गेले. गाळणी खिळ्याला लटकत होती. दर वेळी घर सोडताना शेवटचा चहा व्हायचा, गाळणी धुऊन सगळ्यांत शेवटी पेटीत जायची. या वेळी घर सुटलंच नव्हतं, त्यामुळे ती सवयीने खिळ्यावर गेली. आणि यादीत मात्र 'गाळणी'पुढे माझ्या हातची खूण होती. चहा तिकडे, गाळणी इकडे, आणि कागद सांगतोय सगळं जागेवर आहे. दिवसभर मी लॅबची हीच चूक निस्तरत होते. मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. तो पलीकडून म्हणत राहिला, "अगं, रुमालाने गाळला मी, चांगला झाला."

काम फेब्रुवारीत संपलं. तिन्ही सर्व्हिस चालू झाल्या त्या दिवशी मी झिरकपूरच्या केंद्रावर बसून एका रुग्णाचं वय मुद्दाम चुकीचं टाकलं, दुरुस्त केलं, मधेच एक यंत्र बंद केलं, आणि कागद छापला. वर तीन वर्षं, खाली तीन वर्षांची मर्यादा, चांदणी नाही. असं वीसदा केलं. काउंटरवरची मुलगी माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघत होती. आयुष्यात पहिल्यांदाच मी काहीतरी संपवून निघत होते. आनंद झाला. मनापासून झाला. पण पाय हलायचे काही थांबले नाहीत.

बोर्डाची परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये आम्ही दोघी आसामला पोचलो. आमच्या चौदा पेट्या मागून ट्रकने येत होत्या. नवऱ्याची खोली नीटनेटकी होती. कोपऱ्यात एक नंबरची पेटी उघडीच, पहिल्या दिवसासारखी. त्याने नेहमीप्रमाणे कुणाला हात लावू न देता चहा ठेवला. उकळल्यावर दोरीवरून एक रुमाल ओढला. पांढरा असावा कधीतरी, आता चहाच्या रंगाचा झाला होता.

"नऊ महिने?" मी ओरडलेच. "मेसमध्ये दहा गाळण्या असतील. बाजारात मिळत नाहीत का? एक आणता येऊ नये माणसाला?"

तो रुमाल कपावर ताणत म्हणाला, "आपली होती की. कशाला आणायची? म्हटलं, बाकीचं सामान येईल तेव्हा येईल."

गाळणी माझ्या पर्समध्ये होती. ट्रकवर सोडवली नव्हती. मी ती काढून त्याच्या हातात दिली.